केळुसकरांचा शंकरपाळा

केळुसकरांना एखादी गोष्ट सांगणं मोठं जिकिरीचं काम होतं. आपण रंगात येऊन सांगत असायचं की अमक्याच्या मेव्हण्यानं तमक्याला कशी टोपी घातली, आणि केळुसकर शांतपणे विचारायचे, "मग पुढं कोण?" म्हणजे टोपी घालून घेतल्यावर तो तमका कोणाकडं गेला, त्यानं कोणाला सांगितलं, त्यानं पुढं काय केलं. गोष्टीतली गंमत त्यांना नकोच असायची. गोष्ट कोणाच्या हातून कोणाच्या हातात जाते आणि कुठं थांबते, तेवढं कळलं की त्यांचा चेहरा जेवण झाल्यासारखा समाधानी व्हायचा.

आम्ही दोघं दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत होतो. ऑफिस रास अल खोरला, गोदामं आणि वर्कशॉपांच्या गर्दीत. राहायला दोघंही शारजात एकाच इमारतीत. एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा माझी, असं आमचं येणं-जाणं चाले. मी टेंडरं भरायचो. केळुसकर मूळचे ड्राफ्ट्समन. मुंबईत वीस वर्षं टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनानं नकाशे काढलेले. ड्रॉइंगचे फळे गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा ते कुरकुर न करता कॉम्प्युटर शिकले. आमच्याकडं त्यांचं काम होतं कंपनीच्या आतल्या वेबसाइटवर आकृत्या काढून लावण्याचं. माल मागवायचा तर आधी कोणाची सही, मग कोणाची. रजा हवी तर अर्ज कुठून कुठं जातो. चौकटी आणि बाण. खिशात मात्र अजून दोन पेन्सिली आणि एक खोडरबर असायचं. आकृती आधी रद्द झालेल्या नकाशांच्या पाठीवर पेन्सिलीनं उतरायची, मग पडद्यावर.

त्यांची तीन तत्त्वं होती. बाण कुठून तरी निघून कुठं तरी पोचलाच पाहिजे. रेघेनं रेघेला ओलांडू नये. "ओलांडलं की तिथं भांडण होतं, बघा हवं तर," असं ते सांगत, आणि मी खरंच बघितलं तेव्हा स्टोअर आणि अकाउंट्सच्या रेघा जिथं एकमेकींवरून जात होत्या तिथं दोन्ही खाती एकमेकांशी बोलत नव्हती. आणि तिसरं, जे भिंतीवर लावाल ते खरं असलं पाहिजे. पहिल्या दोन तत्त्वांचा कोणाला त्रास नव्हता.

त्या आतल्या वेबसाइटला आमचे मोठे साहेब 'पोर्टल' म्हणत, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून देवळाच्या महाद्वारासारखा ऐकू येई. तिचं उद्घाटन झालं तेव्हा कॉन्फरन्स रूममध्ये कॉम्प्युटरच्या पडद्याला लाल रिबीन बांधली होती. केकवर साखरेच्या चौकटींत अख्ख्या कंपनीची रचना काढलेली होती. साहेबांनी रिबीन कापली, टाळ्या झाल्या, त्यांनी माऊसवर बोट ठेवलं, आणि पान उघडलं नाही. केळुसकर पुढं झाले, टेबलाखाली वाकले आणि म्हणाले, "सर, रिबीन बांधताना वायर निघाली." मग केक वाटला. मला माझंच खातं मिळालं. पर्चेस मॅनेजरांनी साहेबांच्या चौकटीवर सुरी ठेवली होती, पण वेळीच सावरले.

आता शंकरपाळ्याबद्दल. अशा आकृत्यांत सुरुवात आणि शेवट लंबगोलात लिहितात आणि निर्णयाची जागा एका कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनात. केळुसकर त्या चौकोनाला शंकरपाळा म्हणत. शंकरपाळ्यातून दोन वाटा निघतात, एक 'हो'ची, एक 'नाही'ची, असा जगभरचा नियम आहे. आमच्या ऑफिसात मल्याळी, पठाण, फिलिपिनो, इजिप्शियन, सगळ्या तऱ्हेची माणसं. सगळ्यांना कळतील असे शब्द केळुसकरांनी शोधले. सुरुवातीच्या लंबगोलात त्यांनी लिहिलं 'यल्ला', म्हणजे चला, आणि शेवटच्यात 'खलास'. आणि शंकरपाळ्यातून तीन बाण काढले. हो, नाही आणि इन्शाल्ला, म्हणजे देवाची इच्छा असेल तर.

कारभार सुधारायला कंपनीनं एक गोरा सल्लागार आणला होता. तिशीतला, चकचकीत बुटांचा. त्याला हे बघून ठसकाच लागला. "मिस्टर केळुसकर, निर्णयाला दोनच उत्तरं असतात."

"तुमच्याकडं असतील," केळुसकर म्हणाले.

"आणि या तिसऱ्या बाणाचं पुढं काय होतं?"

"तो इथं या चौकटीत थांबतो. आठवडाभर. मग परत शंकरपाळ्यात येतो."

सल्लागारानं ॲडमिनच्या मॅनेजरकडं दाद मागितली. नबील साहेब इजिप्तचे. अंगानं स्थूल, सहीला सावकाश, डोळ्यांवरचा चष्मा कायम कपाळावर. त्यांनी चष्मा खाली घेतला, आकृती नीट बघितली आणि म्हणाले, "हबीबी, मी बारा वर्षं इथं आहे. या कंपनीचं बरोबर आलेलं हे पहिलं चित्र आहे." तीन बाण राहिले.

केळुसकर अचूक होते असा समज मात्र करून घेऊ नये. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाला दरवर्षी गोंधळ व्हायचा, म्हणून एका वर्षी रांगेची आकृती त्यांच्याकडून काढून घेतली. हॉलच्या दारावर ती लावली. चप्पल इथं, दर्शन इथं, पान इथं, हात धुणं तिथं. त्या वर्षी रांग अगदी शिस्तीत चालली आणि संपेचना. तासाभरानं कोणाच्या तरी ध्यानात आलं की हात धुतलेली माणसं बाण बघून पुन्हा दर्शनाला उभी राहतायत. एका गृहस्थांचं तिसऱ्यांदा जेवण चाललं होतं. सगळे हसत होते. केळुसकर दाराशी जाऊन आकृतीकडं बघत उभे राहिले. "बाहेर जायचा बाण राहिला," ते म्हणाले. खिशातून पेन्सिल काढून तिथल्या तिथं त्यांनी तो काढला. त्यांच्या पत्नी सुनीतावहिनी मागून म्हणाल्या, "घरी पण एक काढा. बारा वर्षं झाली इथं येऊन."

बाहेर जायच्या बाणाची इतक्या लवकर एवढ्या जणांना गरज लागेल असं तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं.

आमच्याकडं अशरफ नावाचा एक माणूस होता. केरळचा. लोकांचे पासपोर्ट घेऊन सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्यांवर उभं राहणं हे त्याचं काम. व्हिसा लावणं, व्हिसा रद्द करणं, सगळं त्याच्या हातून. तो एकदा केळुसकरांच्या टेबलाशी आला. "केळुस्कर साब, आपका फोटो झूठ बोलता है." आकृतीला तो फोटो म्हणायचा. व्हिसाच्या आकृतीत एक खिडकी बदलली होती, एक कागद वाढला होता. केळुसकरांनी लगेच लिहून घेतलं. पण आकृती बदलायची, तिचं चित्र करायचं, साहेबांची मंजुरी घ्यायची, मग ते पानावर चढवायचं, यात आठवडा गेला. तेवढ्या दिवसांत तिघं जण चुकीच्या खिडकीवर जाऊन आले. केळुसकरांनी हे मनाला लावून घेतलं.

"आठवडाभर भिंतीवर खोटं लटकत होतं हो," ते गाडीत म्हणाले. आणि मग त्यांनी ते काम काढलं. पानावर आकृतीचं मेलेलं चित्र चिकटवायचं नाही. आकृती काढायचं सॉफ्टवेअरच पानाच्या आत बसवायचं. पान उघडलं की चौकट धरून हलवता यावी, नवा बाण ओढता यावा, नाव बदलता यावं, आणि ज्याचं काम त्यानंच ते करावं. मोठ्या साहेबांना समजावताना ते म्हणाले, "भिंतीत कोनाडा असतो ना सर, तसा पानात कोनाडा करायचा." साहेब दिल्लीचे. कोनाडा म्हणजे काय हे कळायला त्यांना वेळ लागला, पण कळल्यावर त्यांनी मान डोलावली, कारण खर्च शून्य होता.

मी त्यांना त्याच दिवशी विचारलं. "केळुसकर, आकृत्या बदलणं हीच तुमची नोकरी. सगळेच आपापल्या बदलायला लागले तर तुम्ही कशाला?"

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी ते प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर त्या कोनाड्याला लागणारा छोटा प्रोग्राम घालत खालच्या मजल्यावर फिरत होते.

ते वर्ष २००८. उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडं इतकी कामं होती की टेंडरं परत पाठवावी लागत. दिवाळीपर्यंत मंदी आली, क्रेन उभ्या होत्या पण हलत नव्हत्या. रास अल खैमाच्या साइटवरून रोज माणसं कमी व्हायला लागली. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये खोके दिसू लागले.

केळुसकरांची एकुलती एक मुलगी ऋचा त्या वर्षी बारावीला होती. परीक्षा मार्चमध्ये. इथं बापाची नोकरी गेली की बापाचा व्हिसा जातो, आणि त्याच्याबरोबर बायकोमुलांचा. मग महिनाभराच्या आत देश सोडायचा. ऋचाचा बोर्डाचा नंबर इथल्या शाळेतून गेलेला. मध्येच उठून भारतात गेली तर वर्ष गेलं. हे सगळं आमच्या मजल्यांवरच्या सगळ्यांना पाठ होतं, कारण प्रत्येकाच्या घरी थोड्या फार फरकानं हेच होतं.

तेव्हा केळुसकरांचं काम बरंचसं झालं होतं, पण पुरं झालं नव्हतं. मी त्यांना स्पष्टच सांगितलं, "सावकाश घ्या. मार्चपर्यंत पुरवा. अर्धं काम असलेल्या माणसाला कोणी काढत नाही."

"अशरफची आकृती राहिली आहे," ते म्हणाले.

"राहू द्या की!"

"अहो, आता तीच सगळ्यात जास्त लागणार." त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "तिकडं खैमाच्या मजुरांच्या कॅम्पात चाळीस माणसं बसली आहेत. पासपोर्ट कोणाकडं द्यायचा, तिकीट कोण देणार, हिशेब कुठं होणार, त्यांना काही माहीत नाही. त्यांना जायचंच आहे. निदान रस्ता तरी खरा दाखवायला नको?"

मी म्हटलं, "आणि तुमचा रस्ता?"

"मग पुढं कोण, तेच बघतोय," ते म्हणाले आणि हसले. हा त्यांचा माझ्या माहितीतला एकमेव विनोद.

डिसेंबरच्या मध्याला काम पुरं झालं. खैमाच्या कॅम्प ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर फक्त त्या पानासाठी मांडला. अशरफनं स्वतः दोन बोटांनी त्यात खिडक्यांची नावं घातली. कॅम्पातली माणसं पडद्यापुढं रांग लावत, आपला बाण बोटानं शोधत आणि 'खलास'पाशी पोचली की मान हलवून निघून जात. चुकीच्या खिडकीवर त्यानंतर कोणी गेलं नाही.

जानेवारीत केळुसकरांना पत्र मिळालं. एक महिन्याची मुदत. कारण खरंच होतं, त्यांच्याकडं आता कोणाचाच बाण येत नव्हता. ते पत्र त्यांनी गाडीत मला वाचायला दिलं. हिशेब सोपा होता. जानेवारी संपता नोकरी, फेब्रुवारी संपता देश. परीक्षा महिन्याभरानं हुकत होती.

घरी सुनीतावहिनींनी भाऊ, मामा, ओळखीचे सगळे फोन करून बघितले. ऋचाला कुठं ठेवायचं, कोणाच्या व्हिसावर, हे कोणालाच जमणारं नव्हतं. ऋचा जिन्यात भेटली तर म्हणाली, "Uncle, I'm fine. Baba's the one not sleeping."

मग एका सकाळी केळुसकर गाडीत बसले ते वेगळ्याच चेहऱ्यानं. आकृतीत कोणी काही बदललं की त्यांना मेल यायचा. आदल्या दिवशी व्हिसा रद्द करण्याच्या आकृतीत बदल झाला होता. पहिल्याच पायरीपाशी कोणीतरी नवा शंकरपाळा घातला होता. 'मुलं दहावी-बारावीत?' हो असेल तर बाण एका चौकटीकडं, 'परीक्षा होईपर्यंत थांबा.' नसेल तर सरळ खाली.

"असा नियम कधी झाला?" मी विचारलं.

"झालाच नाही. कोणीतरी काढलाय."

"कोणी?"

"नोंदीत नाव असतं. मी ते पान उघडलं नाही." त्यांनी खिशातली पेन्सिल चाचपली. "पण आकृती खोटी आहे. नबील साहेबांना सांगायला हवं."

मी गाडी बाजूला घेतली. मागून हॉर्न वाजले. "केळुसकर," मी म्हटलं, "आयुष्यात एकदा गप्प बसा. तुमच्यासाठी नाही तर पोरीसाठी. आणि या कंपनीत आणखी चार-पाच पोरं आहेत बारावीला."

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "ती चार-पाच घरं हे बघून विसंबून राहतील. आणि मग फेब्रुवारीत कोणीतरी म्हणेल की असा नियम नव्हताच. मग?"

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मी त्यांच्याबरोबर नबील साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, कारण हा माणूस खरं बोलेल अशी मला भीती होती.

तो बोललाच. नबील साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पान उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांची स्वतःची मुलं कैरोला होती, एवढं मला ठाऊक होतं.

"हे कोणी काढलं?"

"मी नाही काढलं, सर."

"ते मला दिसतंय. तू काढलं असतंस तर तिसरा बाण असता." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "यात इन्शाल्ला कुठाय?"

"अशरफला घाई असेल, सर," केळुसकर म्हणाले आणि पांढरेफटक पडले.

तीस वर्षं त्यांच्या हातून एक रेघ दुसरीवर गेली नव्हती, आणि एका नावानं सगळं उघडं पडलं. मी खाली बघितलं. नबील साहेब खिडकीकडं बघत होते. बाहेर ट्रक उलटा येत होता, त्याचा पीं-पीं आवाज येत राहिला.

"मला इंग्रजी नीट ऐकू येत नाही," नबील साहेब म्हणाले. "काय म्हणालास?"

केळुसकरांनी तोंड उघडलं. मी त्यांचा कोपर धरला. "काही नाही, सर," मी म्हणालो.

"हं. म्हणजे हा दोनच बाणांचा शंकरपाळा आहे. या कंपनीत असा दुसरा नाही." हा शब्द त्यांनी केळुसकरांकडूनच उचलला होता आणि तो ते 'शंकरबाला' असा म्हणत. "हो किंवा नाही. इन्शाल्लाची चौकट नाही, परत यायचा बाण नाही. याला निर्णय म्हणतात, हबीबी. तो सल्लागार असता तर रडला असता." त्यांनी माऊस पुढं ओढला. सेव्ह कुठं करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. केळुसकरांनी बोटानं जागा दाखवली. नबील साहेबांनी तिथं दाबलं आणि नोंदीत अशरफच्या नावावर त्यांचं नाव चढलं.

"आता खरं झालं का?"

"हो, सर," केळुसकर म्हणाले.

"पगार मिळणार नाही. व्हिसा राहील, परीक्षा संपेपर्यंत. खलास. जा."

बाहेर आल्यावर केळुसकर कॉरिडॉरमधल्या पाण्याच्या मशीनपाशी थांबले, एकामागून एक तीन पेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "अशरफचं नाव माझ्या तोंडून गेलं हो." बाकीचं त्यांच्या लक्षातच आलेलं नव्हतं. दुपारी ते अशरफला शोधत गोदामात गेले आणि त्याची माफी मागून आले. अशरफ मला नंतर म्हणाला, "आपका साब थोडा मेंटल है. मैंने उसके वास्ते किया, वो मुझको सॉरी बोलता है." मोठ्या साहेबांनी काही विचारलं नाही. बहुतेक त्यांनी ते पान उद्घाटनानंतर उघडलंच नव्हतं.

फेब्रुवारीत केळुसकरांनी गाडी विकली. घरातलं सामान कमी होत गेलं, फक्त ऋचाचं टेबल आणि दिवा शेवटपर्यंत राहिले. मार्चमध्ये पेपर सुरू झाले. भारतात साडेदहाला सुरू होतो म्हणून आमच्याकडं नऊला. शेवटच्या पेपराला मी दोघांना शाळेत सोडलं. त्याच दिवशी दुपारी केळुसकरांना पासपोर्ट अशरफकडं द्यायचा होता, म्हणून ते इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून आले होते.

गाडीत ऋचा वही उघडून ओठ हलवत होती. शाळेच्या फाटकाशी उतरताना ती म्हणाली, "Baba, don't wait here, okay? It's too hot. Go sit somewhere."

"हो, हो. तू जा."

ती आत गेली. घंटा झाली. बाकीचे पालक आपापल्या गाड्यांत एसी लावून बसले. मला ऑफिसला उशीर होत होता. "केळुसकर, चला, जवळच कॅफेटेरिया आहे, तिथं सोडतो," मी काच खाली करून म्हटलं.

"नको. तुम्ही निघा," ते म्हणाले. "दुपारपर्यंत दुसरं काहीच नाहीये."

सिग्नलला थांबलो तेव्हा मी आरशात बघितलं. फाटकाच्या वॉचमननं आपली प्लास्टिकची खुर्ची सावलीत ओढून त्यांना बसायला दिली होती. केळुसकर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ सरळ, बंद फाटकाकडं तोंड करून. टायची गाठ त्यांनी सैल केली, वर बघितलं आणि डोळे मिटून घेतले. सिग्नल हिरवा झाला.